कामाच्या ठिकाणचं वागणं आणि वातावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूजमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत मी आधी क्वालिटीत आणि मग एचआरमध्ये अशी २२ वर्षं काढली. आता लातूर, जालना, नांदेडकडच्या लहान कारखान्यांत, दवाखान्यांत, पतसंस्थांत जाऊन याच विषयावर बोलतो. सत्र चालू असताना कुणी हात वर करत नाही. चहाचा कप हातात आला की एकेक जण बाजूला घेतो, "सर, एक विचारू का? पण माझं नाव नका घेऊ." तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. नावं घेतलेली नाहीत.

'कल्चर, कल्चर' सगळेच म्हणतात. म्हणजे नेमकं काय हो?

एडगर शाइन नावाचे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक होते. त्यांनी याचे तीन थर सांगितले. पहिला, डोळ्यांना दिसतो तो: केबिन, गणवेश, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. दुसरा, तोंडानं सांगितला जातो तो: रिसेप्शनला फ्रेम करून लावलेली मूल्यं, 'ग्राहक हाच देव' वगैरे. आणि तिसरा, जो कुणीच बोलून दाखवत नाही पण सगळे धरून चालतात. 'साहेब जेवल्याशिवाय त्यांच्याकडे जायचं नाही', 'ऑडिटच्या आदल्या दिवशी रजिस्टर भरलं तरी चालतं', 'ठेकेदाराच्या पोरांना नावानं हाक मारायची गरज नाही'. खरं कल्चर हे तिसऱ्या थरातलं.

तो थर बघायची माझी एक साधी रीत आहे. वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचं पुढच्या मिनिटाला काय होतं, एवढंच मी बघतो. मशीन बंद पडलं, पेशंटला भलतंच सलाईन लागलं, कॅशमध्ये ५०० रुपये कमी आले. हे सांगायला जो आला त्याच्याकडे वरिष्ठ कसे बघतात, पहिला शब्द कोणता उच्चारतात, आणि बाकीचे त्या वेळी मान खाली घालतात का. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न फिरून याच मिनिटापाशी येतात.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. मग वागणं बदलतं का?

स्वभावाला नसेलही. मालकानं पगार वागण्याचा द्यायचा असतो, स्वभावाचा नाही.

कारखान्याच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात पिचकाऱ्या मारणारा माणूस बँकेत गेला की खिडकीशी गुमान उभा राहतो, दर्ग्यात किंवा देवळात चप्पल काढून जातो, तिथे थुंकत नाही. माणूस तोच, तोंडातली पुडीही तीच. (गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, हे वाक्य मी दर सत्रात म्हणतो आणि दर सत्रात लोक हसतात.) मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६मध्ये हेच सूत्र करून मांडलं: वागणं हे माणूस आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती या दोन्हींतून घडतं. आपण मात्र सगळा दोष माणसावर टाकतो आणि परिस्थितीला हातही लावत नाही.

जिन्यात देवांच्या टाइल्स लावणं म्हणजे परिस्थिती बदलणं नव्हे. मी लावून बघितल्या आहेत. लोक फूटभर पलीकडे थुंकतात. दर मजल्यावर झाकणाची बादली आणि ती रोज धुणारा माणूस, यानं फरक पडला.

आमच्याकडे लोक चुका लपवतात. बक्षीस ठेवलं, दंड ठेवला, कॅमेरे लावले. काही उपयोग नाही.

याचं उत्तर लांब आहे, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

मी क्वालिटी इंजिनिअर होतो तेव्हाची गोष्ट. सेकंड शिफ्ट, रात्रीचे साडेनऊ. बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, तपासायला प्लग गेज असतं. त्याचं एक टोक 'गो', ते आत गेलं पाहिजे. दुसरं 'नो-गो', ते जाता कामा नये. एक ट्रेनी पोरगं धावत आलं, "सर, नो-गो जायलंय." म्हणजे भोक मोठं झालेलं, पीस बाद. त्या दिवशी आधीच डिस्पॅचवरून माझी वरून खरडपट्टी निघाली होती. मी सगळ्या लाइनसमोर ओरडलो, "आत्ता दिसलं होय तुला? ३०० पीस काढल्यावर?" पोरगं गेज हातात धरून तसंच उभं राहिलं. बाजूच्या मशीनवाल्यांनी माना वळवल्या.

त्यानंतर माझ्या लाइनचं रिजेक्शन एकदम खाली आलं. महिना, दोन महिने रजिस्टर स्वच्छ. मी खूश, माझे साहेब खूश. तिसऱ्या महिन्यात ग्राहकाकडून आख्खा लॉट परत आला. बिन उलट्या केल्या तर तळाला बाद पीस आणि वर चांगले. सगळ्या लाइनला माहीत होतं, मला सोडून. त्यातल्या एका जुन्या ऑपरेटरला मी विचारलं, "मामा, मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "सांगितलं की तुम्ही वरडता. न्हाई सांगितलं तर शिफ्ट सुटस्तोवर तरी शांती ऱ्हाते."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी चुका कमी केल्या नव्हत्या, चुकांची बातमी बंद केली होती.

पुढे कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असतील, हा त्यांचा अंदाज. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. शोध घेतल्यावर उलगडलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, तर मोकळेपणानं सांगत होत्या. बाकीच्या दाबून टाकत होत्या. बोललो तर आपला अपमान होणार नाही, नुकसान होणार नाही, हा जो टीममधला भरवसा, त्याला त्यांनी १९९९मध्ये 'मानसिक सुरक्षितता' म्हटलं. नाव जरा पुस्तकी आहे. मी कामगारांशी बोलताना 'न घाबरता सांगता येणं' म्हणतो.

मग करायचं काय? आम्ही तीन गोष्टी केल्या. चूक सांगायला येणाऱ्याला पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हेच बोलायचं, मग कितीही राग आलेला असो. मी तर ते टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं, कारण ऐन वेळी आठवायचं नाही. दुसरं, 'कोणी केलं?' हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत विचारायचा नाही, 'कसं झालं?' विचारायचं. 'कसं'च्या पोटातून ते पोरगं नाही, घासलं गेलेलं टूल आणि ते बदलायचं न पाळलेलं वेळापत्रक निघालं. तिसरं, त्या ट्रेनीची मी सगळ्या लाइनसमोरच माफी मागितली. अपमान चारचौघांत केला असेल तर माफी केबिनमध्ये मागून भागत नाही.

रिजेक्शनचा आकडा पहिल्या महिन्यात वाढला. वाढणारच, हे प्लांट हेडना आधी सांगून ठेवलं होतं. तुम्हीही सांगून ठेवा, नाहीतर सगळा खेळ तिथेच मोडतो.

मग मुद्दाम केलेल्या चुकीलाही 'बरं झालं' म्हणायचं का?

नाही. दारू पिऊन मशीनवर उभं राहणं, मशीनचं संरक्षक गार्ड काढून काम करणं, खोटी नोंद करणं, याला शिस्तीची वाट आहे. ती पुढे येते.

लोक तोंडावर 'हो सर' म्हणतात आणि करत काहीच नाहीत.

आपल्याकडे 'हो'चे पाच-सहा प्रकार आहेत. 'करतो' म्हणजे करतो. 'करू की' म्हणजे बघू. 'होऊन जाईल' म्हणजे माझ्या भरवशावर राहू नका. 'बघतो ना सर' म्हणजे नाही. आणि नुसतंच मान हलवून 'हाव' म्हणजे तुम्ही काय बोललात ते ऐकूच आलं नाही, मशीनचा आवाज आहे.

काही जण याचं खापर निजामावर फोडतात. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हुजूर-हुजूर करायची सवय लागली, असा तो युक्तिवाद. मला तो पटत नाही. पुण्या-मुंबईच्या चकचकीत ऑफिसांतही मी हेच 'हो सर' ऐकलंय, फक्त इंग्रजीत. 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते लोकांनी पाहिलेलं असतं, एवढं साधं कारण आहे.

उपाय प्रश्नातच असतो. 'कळलं का?' असं विचारू नका, त्याला 'हो' हेच उत्तर आहे. 'यात तुला अडचण कुठे येईल असं वाटतं?' असं विचारा आणि मग गप्प बसा. पाच सेकंद शांतता सहन करा. बहुतेक साहेबांना तीही होत नाही, ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

आमचे साहेब तोंडानं फटकळ आहेत, पण मनानं फार चांगले. लेकीच्या लग्नाला ५०,००० रुपये दिले एकाला.

असतील. अशी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरही आहे. पण लग्नाला दिलेले पैसे हा चारचौघांत दिलेल्या आईवरच्या शिवीचा मोबदला होत नाही. ज्याला पैसे दिले त्याला तर ती शिवी गिळावीच लागते, कारण तो आता मिंधा झालेला असतो. हे जास्त वाईट.

अशा साहेबांना 'तुम्ही वाईट बोलता' सांगून उपयोग नसतो. 'तुमच्यापर्यंत बातमी उशिरा पोचते आणि त्याचे पैसे जातात' हे सांगा. परत आलेल्या लॉटचं बिल दाखवा. ते लगेच कळतं.

एक माणूस सगळ्यांना छळतो, पण कामात एक नंबर आहे. त्याच्याशिवाय चालत नाही.

त्याची एक महिन्याची रजा आखा. कारखाना चालतो, हे सगळ्यांना आणि त्यालाही दिसू द्या. मग बोला. त्याच्यामुळे सोडून गेलेल्यांची यादी काढून ठेवा, प्रत्येक नवा माणूस शिकवायला किती आठवडे लागले ते लिहा. 'एक नंबर' किती महाग पडतोय ते त्या कागदावर येईल.

कंत्राटी आणि कंपनी रोलवरची माणसं एकाच लाइनवर आहेत, पण एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

बोलतील कशी? एका कारखान्यात मी दिवाळीच्या आदल्या दिवशी होतो. गेटजवळ दोन टेबलं. एकावर अर्धा किलोचे मिठाईचे डबे, रोलवाल्यांना. दुसऱ्यावर पाव किलोचे, ठेकेदाराच्या माणसांना. एकाच मशीनवर समोरासमोर उभे राहणारे दोघं आपापला डबा घेऊन एकाच बसमध्ये शेजारी बसले. कंत्राटवाल्यानं डबा पिशवीत अगदी खाली घातला.

पगारातला फरक हा मोठा प्रश्न आहे आणि तो सत्र घेऊन सुटत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. पण मिठाईचा डबा, सेफ्टी शूज, प्यायच्या पाण्याचा कूलर, बसमधली सीट, कँटीनची रांग, नावाचा बिल्ला, इथे फरक करायला काय कारण आहे? ते पाव किलो वाचवून कंपनीनं किती कमावलं असेल? सुपरवायझरांना मी एक काम देतो: आपल्या लाइनवरच्या प्रत्येक कंत्राटी माणसाचं नाव आणि गाव पाठ करा. पहिल्या दिवशी निम्म्यांची नावं येत नाहीत. 'ए ठेकेदार' अशी हाक मारलेली असते वर्षभर.

नवीन माणूस आला की पहिला प्रश्न 'आडनाव काय, कुठले तुम्ही?' यात वाईट काय आहे? आपुलकीच आहे की.

गाव विचारण्यात आपुलकी असू शकते. परभणीचा भेटला तर मीही खूश होतो, तिथल्या कृषी विद्यापीठाच्या आवारात माझं बालपण गेलंय. पण पहिलं नाव सांगितल्यावर 'पूर्ण नाव?' असा दुसरा प्रश्न येतो, तो कशासाठी असतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ या काळात मराठवाड्यात काय काय झालं, ते पाहिलेली माणसं अजून नोकरीत आहेत किंवा त्यांची मुलं आहेत. ही जखम आपल्याकडे जुनी झालेली नाही.

बघायचं असेल तर डब्याच्या वेळी बघा. कोण कुणाच्या डब्यातली भाजी घेतो, आणि कोण 'मला आज ॲसिडिटी आहे' म्हणून रोज हात आखडतो. बढतीच्या यादीवर एकदा नजर टाका: गेल्या पाच वर्षांत सुपरवायझर झालेले सगळे एकाच तालुक्याचे किंवा एकाच भावकीचे निघाले तर तो योगायोग नसतो.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे. 'गमतीत म्हणालो' हा बचाव चालत नाही, चालू देऊ नका. बाकी कायद्याच्या अलीकडचं जे आहे, डबा, हाक, बढती, ते मालकाच्या हातात असतं. भरतीचे निकष कागदावर लिहा आणि मुलाखतीला दोन वेगवेगळ्या विभागांची माणसं बसवा. 'आपला माणूस आहे' हे वाक्य मग जरा अवघड जातं.

बायकांच्या तक्रारींसाठी समिती पाहिजे म्हणतात. आम्ही फक्त १४ जण आहोत, त्यात बायका दोन.

तरीही पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल १९९७च्या विशाखा निकालानंतर सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं होती, २०१३मध्ये त्यावर कायदा आला. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, मग त्यात बायका किती हा प्रश्न येत नाही. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, आणि एक सदस्य बाहेरची, संस्थेत किंवा या विषयात काम केलेली. समिती नेमलीच नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईला रजा किंवा दोघांपैकी कुणाचीतरी बदली मागता येते. आपल्याकडे बदली बाईचीच करतात, 'तुमच्याच सोयीसाठी' असं म्हणून. ती तिनं मागितली असेल तरच करा.

आणि जे फार कमी जणांना माहीत आहे ते: १०पेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आडत दुकान, क्लिनिक, कोचिंग क्लास, घरकाम, सगळं यात येतं. ती कुठे बसते ते जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात विचारा.

तक्रार केली की गावभर बोभाटा होतो. बाईचंच नाव खराब होतं.

खरं आहे, आणि म्हणूनच तक्रारी येत नाहीत. 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' हे मालक अभिमानानं सांगतात तेव्हा मला ते बिनमधले पीस आठवतात.

कायद्यात गोपनीयता आहे. तक्रारदार, आरोप असलेला, साक्षीदार, कुणाचंही नाव बाहेर फोडायचं नाही. पण गोपनीयता कायद्यानं कमी आणि सवयीनं जास्त टिकते. समितीची बैठक काचेच्या कॉन्फरन्स रूममध्ये घेतली की संध्याकाळी सगळ्यांना कळतं. एका दवाखान्यातल्या समितीनं चांगली शक्कल काढली: समिती दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसते, विषय असो वा नसो. त्यामुळे बैठक बसली म्हणजे तक्रार आली असं कुणाला म्हणता येत नाही. मला हे फार आवडलं आणि तेव्हापासून मी सगळीकडे सांगतो.

पेरणी आली की निम्मी लाइन रिकामी. येळवसला तर कुणीच येत नाही. याला शिस्त म्हणायची का?

याला कॅलेंडर न बघणं म्हणायचं. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, दरवर्षी मार्गशीर्षातल्या अमावस्येलाच येते. त्या दिवशी शेतात भज्जी, आंबील, उंडे सोडून माणूस लेथ मशीनवर उभा राहील, ही अपेक्षाच कशी करता? पुण्याहून आलेल्या एका मॅनेजरांनी पहिल्या वर्षी त्या दिवशी ग्राहकाचं ऑडिट ठेवलं होतं. ऑडिटर, मॅनेजर आणि वॉचमन, एवढेच हजर. दुपारी वॉचमनही डबा घेऊन गेला.

पाऊस कधी पडेल ते सांगता येत नाही, त्यामुळे पेरणीची तारीख पुढेमागे होते. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत माणसं लागणार, हे तरी ठाऊक असतं. मे महिन्यात लाइनवरच्यांनाच बसवा आणि कोण कधी जाणार, कोण कुणाची जागा घेणार, ते त्यांनाच ठरवू द्या. ज्याला शेती नाही तो आनंदानं ओव्हरटाइम करतो, कायद्यानं दुप्पट दर आहे. अट एकच ठेवा: सांगून जायचं. आणि सांगायला येईल त्याला 'तुमचं नेहमीचंच आहे' असा टोमणा मारायचा नाही. टोमणा मारला की पुढच्या वर्षी आजी वारते. आमच्याकडे एकाची आजी तीन वेगवेगळ्या वर्षांच्या जूनमध्ये वारली होती.

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर साहेबांचे मेसेज येतात. उत्तर द्यायचं का?

आग लागली असेल तर फोन येतो, मेसेज येत नाही. साहेबांनी मेसेज लिहून सकाळी साडेआठला पाठवायची सवय लावावी. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली कामाची सूचना गाडली जात असेल तर दोन ग्रुप करा. आणि ग्रुपवर कुणाची चूक फोटोसकट टाकून 'हे कोण?' विचारणं आजपासून बंद. माझ्या ओरडण्याचीच ती पुढची आवृत्ती, फक्त आता ती पुसली जात नाही.

टीम-बिल्डिंगसाठी कुठे न्यावं?

जानेवारीत हुरडा खायला शेतात न्या, मजा येते. पण त्यानं कल्चर बदलेल असं समजू नका. आणि रविवारी नेऊ नका.

शिस्तीची कारवाई करायची वेळ आली तर?

लेखी आरोप, उत्तराला पुरेसा वेळ, चौकशी, दोन्ही बाजू ऐकणं, मग निर्णय. हा क्रम सोडलात तर चोर रंगेहाथ पकडलेला असला तरी कामगार न्यायालयात तुम्हीच अडकाल. स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे मंजूर नियम, लागू असलेल्या कारखान्यात चौकशीसाठी निलंबित कामगाराला पहिल्या ९० दिवसांना वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. त्याच्याकडून दिरंगाई नसताना चौकशी पुढे लांबली तर ७५ टक्के. मालक हे ऐकून दचकतात. दचकावं, म्हणजे चौकशी वेळेत संपते.

दुसरं म्हणजे चौकशी करणारा, तक्रार करणारा आणि शिक्षा देणारा हा एकच माणूस असू नये. लहान ठिकाणी हे अवघड जातं. बाहेरून एखादा वकील किंवा निवृत्त अधिकारी बोलवा.

मी ज्युनियर आहे. धोका दिसतोय, पण मालकाला सांगायची हिंमत होत नाही.

हिंमत नसणं यात तुझा दोष नाही, हे आधी सांगतो. १९८६च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, सात अंतराळवीर गेले. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं की एवढ्या थंडीत सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, नीट बसणार नाहीत, उड्डाण नको. ते ज्युनियर नव्हते, घाबरले नव्हते, आकडे घेऊन बसले होते. तरी बैठकीचा सूर असा झाला की 'धोका आहे हे तुम्ही सिद्ध करा'. खरं तर 'धोका नाही' हे सिद्ध व्हायला हवं होतं. त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांनी शेवटी मत फिरवलं. ओ-रिंग आपल्या लाइनवरही असतात, म्हणून ही गोष्ट मी इंजिनिअर पोरांना सांगतो.

तू काय करू शकतोस? एकट्यानं जाऊ नको, दोघं जा. तोंडी सांगून झाल्यावर दोन ओळी लिहून पाठव: काय दिसलं, कधी, कुठल्या मशीनवर. आरोप लिहू नको, मोजमाप लिही. 'गार्ड नाही' एवढं पुरे, 'कुणाला पडलेलीच नाही' हे नको. मालकाला चारचौघांत सांगू नको, त्यांचाही मान असतो. सकाळी ते यायच्या वेळी गाठ, महिन्याच्या शेवटच्या दिवशी तर मुळीच नको. आणि तरी काही हललं नाही, जिवाशी खेळ चालूच राहिला, तर कारखाना निरीक्षकांकडे तक्रार करता येते. तक्रारदाराचं नाव ते उघड करत नाहीत.

सुधारणा होतेय की नाही, हे मोजायचं कसं? किती दिवस लागतात?

सर्व्हेचे फॉर्म वाटू नका. सुपरवायझर समोर उभा राहून भरून घेतो आणि सगळे पाचपैकी पाच देतात. त्यापेक्षा हे बघा: 'थोडक्यात वाचलो' अशा घटनांच्या नोंदी वाढल्या का? नोकरी सोडणारे पहिल्या तीन महिन्यांत सोडतात की नंतर? शिफ्ट बदलताना लॉगबुकात 'सर्व ठीक' याखेरीज काही लिहिलं जातं का? बैठकीत साहेबांच्या आधी कुणी बोलतं का?

दिवसांचं विचाराल तर मला माझ्या लाइनवर आठ महिने लागले. ओरडायला दहा सेकंद लागले होते.

आमच्याकडे सूचना पेटी आहे, पण कुणी काही टाकतच नाही.

एका कारखान्यात अशीच पेटी होती. किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं, शेवटी मेंटेनन्सवाल्यानं कुलूप तोडलं. आत गुटख्याच्या नऊ रिकाम्या पुड्या, एक बस पास आणि एकच चिठ्ठी. वहीचा फाटका कागद, त्यावर पेन्सिलनं लिहिलेलं: 'पॅकिंगच्या बायकांच्या बाथरूमला कडी नाही. कृपया बसवावी.' तारीख तीन वर्षांपूर्वीची. मी उठून बघून आलो. कडी अजूनही नव्हती, आतून दोरी बांधलेली होती.

चिठ्ठी मी प्लांट हेडच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मागून-पुढून उलटून बघितली, आणि विचारलं, "हे लिहिलंय कुणी?"